शिकागो सर्वधर्मपरिषदेचें इतिवृत्त

कांहीं ग्रंथांची कीर्ति त्यांतील एका पानावर उभी असते, आणि त्या पानापलीकडे सहसा कोणी जात नाहीं. शिकागो येथें सन १८९३ च्या सप्टेंबर महिन्यांत सर्वधर्मपरिषद भरली, व तिच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष रेव्हरंड जॉन हेन्री बॅरोज यांनीं त्याच सालीं तिचें इतिवृत्त दोन जाड खंडांत प्रसिद्ध केलें. त्या इतिवृत्ताची गति हीच झाली आहे. स्वामी विवेकानंदांनीं श्रोत्यांस भगिनी आणि बंधु म्हणून हाक मारली व सभागृह टाळ्यांनीं दुमदुमलें, एवढें आपल्याकडे शाळेंतल्या मुलासही पाठ असतें. परंतु ११ तारखेच्या त्या टाळ्या थांबल्यावर २७ तारखेपर्यंत तेथें काय काय बोललें गेलें, कोणास बोलावलेंच नव्हतें, आणि बोलणाऱ्यास कोणी उत्तर दिलें कीं नाहीं, याची पृच्छा करणारा वाचक विरळा.

आज धर्माधर्मांतील संवादासाठीं स्थापिलेलीं मंडळें आणि भरणाऱ्या परिषदा यांची गणती राहिलेली नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं २००१ हें वर्ष संस्कृतींमधील संवादाचें म्हणून पाळलें. २०११ पासून फेब्रुवारीचा पहिला आठवडा धर्मसलोख्याचा म्हणून पाळला जातो. या सर्व उद्योगांची वंशावळ सांगूं गेल्यास ती बहुधा शिकागोपाशीं येऊन थांबते. म्हणून घराण्याच्या मूळपुरुषाची जन्मपत्रिका उघडून पाहावी तसे हे दोन खंड आम्हीं उघडले, आणि मिळून सुमारें सोळाशें पृष्ठें वाचून काढलीं. हें वाचन सोपें नाहीं हें आरंभींच सांगून टाकतों. त्यांत जितकी भक्ति आहे तितकेंच शब्दावडंबर आहे, आणि स्वागताचीं व निरोपाचीं भाषणें तर बारशाच्या आमंत्रणांसारखीं एकमेकांच्या जागीं ठेवलीं तरी चालण्यासारखीं आहेत.

परिषद भरली ती कोलंबसाच्या अमेरिकागमनास चारशें वर्षें झाल्याच्या निमित्तानें मांडलेल्या प्रचंड जागतिक प्रदर्शनाचें एक अंग म्हणून. मूळ कल्पना चार्लस बॉनी या वकिलाची. हे गृहस्थ स्वीडनबोर्गच्या पंथाचे अनुयायी होते. बॅरोज हे प्रेसबिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. या दोघांच्या उद्योगशीलतेविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. त्या काळीं टपालानें आणि आगबोटीनें जपान, चीन, सिंहलद्वीप, हिंदुस्थान इतक्या दूरवरून माणसें व निबंध गोळा करणें हें लहानसहान काम नव्हतें. शिवाय बॅरोज यांच्या स्वतःच्याच पंथाच्या महासभेनें परिषदेविरुद्ध ठराव केला होता. तुर्कस्थानचा सुलतान प्रतिकूल होता. कँटरबरीच्या आर्चबिशपांनीं तर स्वच्छ नकार कळविला, आणि बॅरोज यांनीं तो दडवून न ठेवतां ग्रंथांत नमूद केला, हें त्यांच्या प्रामाणिकपणास शोभण्यासारखेंच झालें.

या नकारापाशीं आम्ही थोडे थांबतों. आर्चबिशपांचें म्हणणें असें कीं, ख्रिस्ती धर्म हा एकच धर्म आहे. तो पार्लमेंटचा एक सभासद म्हणून बसावयाचा, तर इतर सभासदांची बरोबरी मान्य केल्यासारखें होतें. मूळ इंग्रजी नांवांत ‘पार्लमेंट’ हाच शब्द होता हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. आर्चबिशपांचें हें उत्तर आजवर संकुचित वृत्तीचा नमुना म्हणून सांगितलें जातें. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, त्या शब्दाचा अर्थ सर्वांत स्पष्टपणें याच गृहस्थांस कळला होता. पार्लमेंटांत बसणें म्हणजे केवळ बोलणें नव्हे, तर दुसऱ्याचें ऐकून आपलें मत बदलण्याची तयारी ठेवणें होय. ती त्यांची नव्हती, व त्यांनीं तसें सांगितलें. बोलावणाऱ्यांची तरी कितपत होती? पहिल्याच दिवशीं चीनच्या वकिलातीचे प्रतिनिधि पुंग क्वांग यु यांची ओळख करून देतांना अध्यक्ष बॉनी यांनीं अमेरिकेनें चीनला बरें वागविलें नाहीं अशी कबुली दिली. चिनी मजुरांस देशबंदी करणारा कायदा १८८२ पासून अमलांत होता, तेव्हां ही कबुली मोलाची खरी. पण त्याच दमांत ते म्हणाले कीं, असें असूनही चीनच्या बादशहानें आमच्या बोलावण्यास ख्रिस्ती वृत्तीनें प्रतिसाद दिला! कन्फ्यूशसच्या अनुयायानें सौजन्य दाखविलें तर त्या सौजन्यास नांव ख्रिस्ताचें. यजमानानें पाहुण्यास पाटावर बसवावें आणि पाट आपला आहे हेंही ऐकवावें, तसा हा प्रकार झाला.

परिषदेचा मुख्य नियम असा होता कीं, प्रत्येकानें आपल्या धर्माचें म्हणणें मोकळेपणानें मांडावें, परंतु दुसऱ्याच्या धर्मावर टीका करूं नये; वादविवादास जागा नव्हती. नियम ज्या भीतीनें केला ती भीति समजण्यासारखी आहे. पण त्याचा परिणाम काय झाला तो ग्रंथ वाचतांना पानोपानीं दिसतो. एक वक्ता उठतो, आपल्या धर्मांत जें उत्तम तें सांगतो, टाळ्या होतात. दुसरा उठतो, तोही आपलें उत्तम तें सांगतो, पुन्हा टाळ्या होतात. संगीत नाटकांत पात्रांनीं एकामागून एक येऊन आपापलीं पदें म्हणावींत, ‘वन्स मोअर’ही मिळवावे, पण एकानें दुसऱ्याशीं बोलूंच नये, म्हणजे जसें होईल तसें हें झालें आहे. मुंबईच्या जीवनजी जमशेदजी मोदी यांनीं पारशी धर्माचे विचार व विधि यांवर पाठविलेला निबंध माहितीनें भरलेला आहे. अशा निबंधांचें संग्रह म्हणून मोल आहेच. संवाद म्हणून मात्र या सोळाशें पृष्ठांतील बहुतेक भाग गणतां येणार नाहीं, असें आमचें स्पष्ट मत झालें आहे.

आश्चर्य हें कीं, ग्रंथांतील खरोखर जिवंत पानें हा नियम जेथें मोडला किंवा मोडतां मोडतां राहिला, तेथेंच सांपडतात. जपानचे हिराई किंझा उभे राहिले ते बौद्धधर्माचें तत्त्वज्ञान सांगण्यास नव्हे. ख्रिस्ती राष्ट्रांनीं जपानवर विषम तह कसे लादले, जकातीचा व न्यायदानाचा अधिकार कसा हिरावून घेतला, आणि कॅलिफोर्नियांत जपानी माणसास कशी वागणूक मिळते, याचा त्यांनीं पाढा वाचला. जपान ख्रिस्ती धर्माकडे पाठ कां फिरवितो तें या वागणुकींत शोधा, असा त्यांचा रोख होता. त्यांनीं बायबलावर एका शब्दानें टीका केली नाहीं. बायबल हातीं घेऊन येणाऱ्यांच्या तहनाम्यांवर केली. आणि नवल असें कीं, श्रोत्यांनीं रागावण्याऐवजीं टाळ्यांचा कडकडाट केला. पुंग क्वांग यु यांच्या दीर्घ निबंधांतही मिशनऱ्यांच्या वर्तनाविषयीं असेंच परखड विवेचन आहे. स्वतः विवेकानंदांचें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटणारें भाषण ११ तारखेचें नसून २० तारखेचें आहे. हिंदुस्थानांत दुष्काळानें माणसें मरत असतां तुम्ही त्यांस देवळें बांधून देतां. त्यांना धर्माची वाण नाहीं, भाकरीची आहे, असें त्यांनीं त्या दिवशीं यजमानांस तोंडावर सांगितलें.

फॅनी बॅरिअर विल्यम्स या कृष्णवर्णीय विदुषीचें भाषण तर आमच्या मतें दोन्ही खंडांतील उत्कृष्ट गद्याचा नमुना आहे. गुलामांस आज्ञाधारक ठेवण्यासाठीं धर्माची कशी मोडतोड करून तो त्यांना शिकविला गेला, आणि गुलामगिरी गेल्यावरही चर्चच्या दारांत रंगाची रेघ कशी कायम आहे, हें त्यांनीं आरडाओरड न करतां सांगितलें. हा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशीं संवाद नव्हे. एका धर्मानें आपल्याच लेकरास द्यावयाच्या उत्तराची ही मागणी होती. असें दुसरें भाषण ग्रंथांत शोधूनच काढावें लागतें. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या धर्मावर निबंध वाचला तो ॲलिस फ्लेचर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनीं. त्या रहिवाशांपैकीं कोणास व्यासपीठ मिळालें नाहीं. परिषद भरली होती शहरांत, सरोवराकांठच्या नव्या इमारतींत. तेथून कांहीं मैलांवर मूळ प्रदर्शनाच्या करमणुकीच्या पट्ट्यांत दाहोमीचीं व जावाचीं माणसें झोपड्यांसह मांडून ठेविलीं होतीं, आणि तिकीट काढून तीं पाहतां येत. बॅरोज यांच्या ग्रंथांत या दोन दृश्यांची गांठ कोठेंच पडत नाहीं.

इस्लामचें प्रतिनिधित्व अलेक्झांडर रसेल वेब या धर्मांतरित अमेरिकन गृहस्थांकडे होतें. बहुपत्नीकत्वाविषयीं ते बोलूं लागतांच सभागृहांतून धिक्काराचे उद्गार निघाले. बॅरोज यांस हा प्रसंग अपवाद म्हणून नोंदवावासा वाटला. आम्हांस त्यांत दुसरेंच कांहीं दिसतें: मुसलमान म्हणून जन्मलेल्या, मुसलमानी देशांत वाढलेल्या एखाद्या विद्वानानें त्या धिक्कारास काय उत्तर दिलें असतें, हें ऐकण्याची संधि सर्वांचीच गेली. आणि ही उणीव आपणांस विशेष जाणवण्याचें कारण आहे. परिषद भरली ११ सप्टेंबरला. त्याच्या बरोबर एक महिना आधीं, ११ ऑगस्ट १८९३ रोजीं, मुंबईंत हिंदुमुसलमानांचा भयंकर दंगा उसळला होता. मुंबईशीं संबंध असलेले दोन वक्ते शिकागोच्या व्यासपीठावर बसले होते, परंतु हिंदुस्थानांतील मुसलमान तेथें कोणी नव्हता, आणि मुंबईच्या रस्त्यांवर घडलेल्या गोष्टीस त्या विषयपत्रिकेवर जागा नव्हती. जगांतील सर्व धर्म एका ओळींत बसले, आणि एका गल्लींतील दोन धर्म मात्र तेथें एकमेकांसमोर आलेच नाहींत!

आतां त्या दोन वक्त्यांकडे वळूं. एक वीरचंद राघवजी गांधी, जैनांचे प्रतिनिधि. लंडनचे रेव्हरंड पेंटेकॉस्ट यांनीं हिंदु देवळांतील देवदासींचा उल्लेख करून हिंदुधर्मावर घाव घातला, तेव्हां उत्तरास उभे राहिले ते हे जैन गृहस्थ. शेजाऱ्याच्या घरावर धोंडा पडला असतां आपलें दार लावून न घेतां बाहेर येणारा हा माणूस आम्हांस फार आवडला. त्यांच्या उत्तराचें सार असें कीं, आमच्या धर्मतत्त्वांवर कोणासही घाव घालतां आला नाहीं. जे घातले ते समाजांतील दोषांवर, आणि हे दोष धर्मामुळें आहेत असें नसून धर्म असूनही आहेत, जसे ते प्रत्येक देशांत असतात.

उत्तर हजरजबाबी आहे, व त्या प्रसंगीं तें देणें योग्यही होतें. परंतु सव्वाशें वर्षांनंतर वाचतांना त्याची दुसरी बाजू डोळ्यांआड करतां येत नाहीं. ‘धर्म असूनही’ हे दोन शब्द म्हणजे सर्व धर्मांच्या वकिलांची सामाईक ढाल आहे. पेंटेकॉस्ट यांस गुलामगिरीविषयीं विचारलें असतें तर त्यांनीं तीच पुढें केली असती. जेजुरीस खंडोबाला मुलगी वाहण्यांत येई व ती मुरळी म्हणून आयुष्यभर राही, तेव्हां तेथें देव होता, भंडारा होता, नवस होता. हें सारें धर्म असूनही घडत होतें असें त्या मुलीस कोणत्या तोंडानें सांगावें?

दुसरे वक्ते मुंबईचे बळवंत भाऊ नगरकर. हे ब्राह्मसमाजाच्या बाजूनें गेले होते. विवेकानंद आणि मजुमदार यांच्यापुढें यांचें नांव आपल्याकडे कोणी घेत नाहीं, व वक्तृत्वाच्या दृष्टीनें पाहतां त्यांत फारसा अन्यायही नाहीं. तथापि हिंदुस्थानांतील सामाजिक सुधारणेच्या कार्यावरील त्यांचा निबंध आम्हीं दोनदां वाचला. जातिभेद, बालविवाह, स्त्रियांचें अज्ञान यांविषयीं परक्यांच्या सभेंत, परक्यांच्या भाषेंत, आपल्या माणसानें बोलणें किती अवघड असतें हें ज्यास कळतें, त्यास या साध्या निबंधाचें धैर्य कळेल. कारण अशा कबुलीचा उपयोग दुसरा कोणी करून घेईल ही भीति पोकळ नव्हती. हिंदु विधवांच्या दुःखाच्या कहाण्यांवर परदेशांत वर्गण्या जमत होत्या. त्याच १८९३ सालीं पुण्यांत पंडिता रमाबाईंच्या, अमेरिकन मदतीवर चालणाऱ्या शारदासदनांतील धर्मांतरावरून रण माजलें होतें, आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळांतून बाहेर पडले होते. दोष लपवावे तर घरच्यांचा घात, उघडे करावे तर परक्याच्या हातीं कोलीत! या अडचणींतून वाट काढूं पाहणाऱ्या माणसास टाळ्या कमी पडणारच. आपल्याकडे शिकागोची आठवण कुस्तीच्या फडासारखी काढली जाते. आपल्या मल्लानें सर्वांस चीत केलें एवढ्यावर आपण खूष. नगरकरांनीं कोणास चीत केलें नाहीं, म्हणून ते आठवणींतून गेले. पुण्याच्या सोराबजी घराण्यांतील जीन सोराबजी याही तेथें हिंदी स्त्रियांविषयीं बोलल्या. त्यांचेंही तसेंच झालें.

शिकागोचा धागा महाराष्ट्रांत खऱ्या अर्थानें पुढें नेला तो शिकागोस न गेलेल्या एका माणसानें. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजांतील अभ्यास आटोपून सप्टेंबर १९०३ मध्यें ॲमस्टरडॅमच्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेस गेले, व हिंदुस्थानांतील उदार धर्मावर त्यांनीं तेथें निबंध वाचला. ही परिषद भरविणारी संस्था १९०० सालीं बोस्टन येथें स्थापन झालेली. धर्माधर्मांतील सहकार्याचें काम ती आजही करीत आहे. शिंदे परत आले, आणि तीनच वर्षांनीं, १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं, मुंबईंत त्यांनीं अस्पृश्यांसाठीं निराश्रित साहाय्यकारी मंडळी उभी केली. मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्धही ते झटले. वीरचंद गांधींनीं सभेंत ज्या प्रश्नास ढाल लावली, तोच प्रश्न शिंद्यांनीं घरीं आणून उंबऱ्यावर ठेविला. देवदासींच्या रक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं झाला. कायद्याचें सर्व श्रेय एका माणसास देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु परधर्मीयांत वावरून आलेल्या माणसाची नजर आपल्याच घराच्या कोणत्या कोपऱ्याकडे वळते, यावरून त्या संवादाची पारख होते असें आम्हांस वाटतें, आणि या पारखेस शिंदे जसे उतरतात तसे परिषदांना जाऊन आलेले थोडेच उतरतील.

बॅरोज यांच्यावर हीच पारख लावणें कठोर होईल, पण टाळणें बरें नाहीं. परिषदेनंतर शिकागो विद्यापीठांत एका दानशूर बाईंनीं त्यांच्या नांवें व्याख्यानमाला स्थापन केली, आणि १८९६-९७ च्या हिवाळ्यांत बॅरोज स्वतः हिंदुस्थानांत व्याख्यानें देण्यास आले. विषय होता: ख्रिस्ती धर्म हाच विश्वधर्म. सतरा दिवस सर्व धर्मांची वाणी ऐकून घेतलेल्या यजमानाचें मत होतें तेथेंच राहिलें. यांत लबाडी नव्हती. आपलें मत त्यांनीं कधींच लपविलें नव्हतें. इतिवृत्ताच्या उपसंहारांतही हाच सूर आहे, व म्हणूनच तो भाग ग्रंथांतील सर्वांत निर्जीव झाला आहे.

पुढच्या काळांतील प्रयत्नांचा येथें ओझरताच उल्लेख करतों. १९९३ सालीं शंभर वर्षांनीं शिकागोसच परिषद भरली, तेव्हां हान्स क्यूंग या जर्मनींत अध्यापन करणाऱ्या स्विस धर्मपंडितानें जागतिक नीतीचा जाहीरनामा तयार केला. बौद्धांस अडचण नको म्हणून त्यांत ईश्वर हा शब्दच घातला नाहीं. ज्यावर कोणाचा आक्षेप नाहीं तेवढेंच उरवावयाचें, अशा वजाबाकीनें झालेल्या एकमतास आम्ही फार किंमत देत नाहीं, जरी त्यांतील हिंसेविरुद्धचा व स्त्रीपुरुषसमानतेचा आग्रह आम्हांस मान्य आहे. याच्या उलट एक उदाहरण आहे. सप्टेंबर २००६ मध्यें पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं रेगेन्सबुर्ग येथील व्याख्यानांत इस्लामविषयीं एका मध्ययुगीन बादशहाचे कठोर उद्गार उद्धृत केले, आणि जगभर क्षोभ झाला. महिन्याभरांत अडतीस मुसलमान विद्वानांनीं त्यांस जाहीर पत्र लिहून चुका दाखविल्या. वर्षानें, १३ ऑक्टोबर २००७ रोजीं, एकशें अडतीस विद्वानांनीं ईश्वरप्रेम व शेजारप्रेम या दोन आज्ञांवर सविस्तर निवेदन प्रसिद्ध केलें. त्यास ख्रिस्ती पंडितांकडून उत्तरें आलीं, त्यांत मतभेदही होते, आणि २००८ च्या नोव्हेंबरांत रोम येथें दोन्ही पक्ष समोरासमोर बसले. येथें निमंत्रण नव्हतें, दुखावणें होतें; स्वागतगीत नव्हतें, प्रश्न होता, आणि मुख्य म्हणजे प्रश्नास उत्तर होतें. शिकागोच्या सोळाशें पृष्ठांत जें मिळत नाहीं तें या थोड्याशा पत्रव्यवहारांत मिळतें.

ग्रंथाच्या बाह्यांगाविषयीं दोन शब्द. चित्रें पुष्कळ आहेत. देशोदेशींचीं देवळें, मशिदी, चर्चें यांच्या त्या छायाचित्रांत इमारती भव्य दिसतात. वक्त्यांचीं छायाचित्रें अधिक मनोरंजक आहेत. त्यांत विवेकानंद, धर्मपाल यांच्या वेषाकडे आधीं लक्ष जातें, आणि तेव्हांही तसेंच गेलें असावें. दोन्ही खंड आज सार्वजनिक ग्रंथसंग्रहांतून व संगणकावरही विनामूल्य वाचावयास मिळतात. तरी सगळें वाचण्याचा आग्रह आम्ही कोणास करणार नाहीं. कोणी मराठी लेखकानें दोनशें पृष्ठांची निवड करून भाषांतर करावें. तींत हिराई, पुंग क्वांग यु, विल्यम्सबाई आणि नगरकर अवश्य यावे; विवेकानंदांचें २० तारखेचें भाषण यावें; आर्चबिशपांचा नकार यावा; आणि वीरचंद गांधींच्या उत्तराशेजारीं शिंद्यांच्या आठवणींतील ॲमस्टरडॅमचीं पानें छापावींत. बॅरोज यांचा उपसंहार गाळला तरी चालेल. स्वागताचीं भाषणें मात्र एखादें नमुन्यादाखल ठेवावें, म्हणजे पुढच्या परिषदेचें निमंत्रण हातीं पडलें कीं वाचकास तें ताडून पाहतां येईल.